लेझर आलं, हात कधी येणार?

मंडळी, आजचा विषय वाचून काही जण लगेच टॅब बंद करतील याची मला कल्पना आहे. विषय आहे वाढलेलं प्रोस्टेट, त्याचं लेझर ऑपरेशन, आणि ते कुणाच्या वाट्याला येतं नि कुणाच्या नाही.

तिशीही न गाठलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला हे कुठून सुचलं, असं विचाराल. उत्तर सोपं आहे: आपले बाबा. आपल्यापैकी बहुतेकांचे बाबा साठीच्या आसपास आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या साधारण निम्म्या पुरुषांत ही ग्रंथी वाढायला लागलेली असते, आणि ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत जवळपास सगळ्यांतच. सगळ्यांना त्रास होतो असं नाही. पण ज्यांना होतो ते तो कुणाला सांगत नाहीत. रात्रीत चार वेळा उठतात, लांबच्या प्रवासात पाणी पीत नाहीत, एसटीत दाराजवळची सीट धरतात, लग्नाला गेले की आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "वय झालं आता." विषय संपला.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. ऑफिसातल्या एका मित्राच्या वडिलांचं हे दुखणं निघालं. परभणीकडचं कुटुंब. गावाजवळ एक सल्ला मिळाला, जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरा, पुण्यात तिसरा. तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी प्रामाणिक होते आणि तिघांचे सल्ले वेगळे होते. एकाच इनपुटवर तीन सर्व्हरनी तीन आउटपुट दिले की आपण जे करतो तेच मी केलं: वाचत बसलो. त्यातून जे मत झालं ते इथे मांडतोय.

आधी थोडं बेसिक. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वजन साधारण वीस ग्रॅम. वयाबरोबर तिचा आतला भाग वाढतो आणि मधून जाणारी नळी दाबली जाते. हा कॅन्सर नव्हे. कॅन्सर बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो आणि त्याची तपासणी वेगळी असते. सुरुवातीला गोळ्या देतात. एक जात स्नायू सैल करते, दुसरी काही महिन्यांत ग्रंथी थोडी आक्रसवते. (या दुसऱ्या जातीच्या गोळ्यांनी पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरला गोळी चालू असल्याचं सांगायलाच हवं.) अनेकांचं गोळ्यांवर नीट भागतं. पण काहींना एक दिवस लघवी पूर्ण अडते. कधी निमित्त असतं सर्दीच्या साध्या गोळीचं. मग कॅथेटर, आणि मग ऑपरेशनचा विषय.

ऑपरेशनचा इतिहास भलताच रंजक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोट उघडून, मूत्राशयातून बोट घालून ही वाढलेली गाठ अख्खी काढायची पद्धत ज्यांच्यामुळे रूढ झाली, ते पीटर फ्रेयर नावाचे आयरिश सर्जन. हे गृहस्थ त्याआधी वीसेक वर्षं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आपल्याकडेच, नोकरीला होते. पुढे लंडनला जाऊन त्यांनी १९०१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आपल्या केसेस छापल्या. नंतर १९२०-३० च्या दशकांत नळीतूनच दुर्बीण घालून, विजेच्या तारेच्या फासाने आतून गाठ तासत जायची पद्धत आली. हीच ती टीयूआरपी. पुढची अनेक दशकं सगळी दुनिया हिलाच प्रमाण मानत होती.

टीयूआरपीत एक गोम होती. जुन्या पद्धतीच्या विजेसाठी मीठ नसलेलं द्रावण वापरावं लागतं. ऑपरेशन लांबलं तर ते रक्तात शोषलं जातं, सोडियम घसरतं आणि पेशंट गंभीर होऊ शकतो. त्यामुळे सर्जनला घड्याळाकडे बघत काम करावं लागतं, आणि गाठ फार मोठी असली तर पुन्हा पोट उघडणंच भाग पडतं. बायपोलर टीयूआरपी आल्यावर सलाइन वापरता यायला लागलं आणि हा धोका जवळपास गेला. रक्तस्राव आणि मोठ्या गाठीचा प्रश्न मात्र राहिलाच.

आता लेझर. आणि इथेच जाहिराती आपल्याला गंडवतात. 'लेझर' या एका शब्दाखाली दोन पूर्णपणे वेगळी ऑपरेशनं विकली जातात.

पहिलं व्हेपरायझेशन. हिरव्या रंगाचं, ५३२ नॅनोमीटरचं लेझर रक्तातलं हिमोग्लोबिन चांगलं शोषून घेतं, त्यामुळे पेशी वाफ होऊन उडून जातात आणि रक्त कमी जातं. शिकायला तुलनेने सोपं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांना सोयीचं. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेने २०१६ साली यातल्या १८० वॅटच्या मशीनची शिफारस केली, त्यातला एक मुद्दा पेशंट त्याच दिवशी घरी जाऊ शकतो हा होता. तोटा असा, की वाफ झालेली गाठ तपासणीला पाठवता येत नाही, आणि फार मोठी गाठ असेल तर वेळ खूप जातो.

दुसरं एन्यूक्लिएशन. हे समजून घ्यायला नारळ घ्या. टीयूआरपी म्हणजे खवणीने खोबरं खवणं: आतून बारीक बारीक कीस काढत जायचं, करवंटीपर्यंत पोचलो की थांबायचं. एन्यूक्लिएशन म्हणजे खोबरं आणि करवंटी यांच्या मधल्या फटीत सुरी घालून अख्खी वाटी सोडवून काढणं. सुटलेली गाठ मूत्राशयात ढकलतात आणि तिथे एका यंत्राने तुकडे करून बाहेर ओढून घेतात. फ्रेयर जे बोटाने करत होते तेच, पण पोट न फाडता. गाठ चाळीस ग्रॅमची असो की दोनशे, हीच पद्धत चालते.

होल्मियम लेझरने हे करायची पद्धत, म्हणजे होलेप, १९९० च्या दशकात पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. कुठे? न्यूझीलंडमधल्या टौरंगा नावाच्या बंदराच्या गावात. ऑकलंडमध्येही नाही! हे गावाचं नाव लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

होलेपबद्दलचे अभ्यास गेली वीस-पंचवीस वर्षं साधारण एकच सांगताहेत. लघवीच्या त्रासात टीयूआरपीइतकाच किंवा थोडा जास्त फरक, रक्त कमी जातं, कॅथेटर लवकर निघतो, घरी लवकर जाता येतं. अमेरिकन आणि युरोपियन गाइडलाइन्स त्याला आकार कितीही असला तरी चालणारा पर्याय म्हणतात. तोटेही आहेत. सुरुवातीचे काही आठवडे, क्वचित महिने, काहींना खोकला-शिंक आली की लघवी गळते. ऑपरेशननंतर वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाणं हे टीयूआरपी आणि होलेप दोन्हींत बहुतेकांच्या बाबतीत घडतं, आणि हे आधी सांगायला फार कमी जण धजावतात.

मग इतकी चांगली पद्धत पाव शतक उलटूनही सगळीकडे का नाही? अमेरिकेतसुद्धा ती बराच काळ मूठभर मोठ्या केंद्रांची खासियत होऊन राहिली. पहिलं उत्तर सगळे देतात: मशीन महाग. खरं आहे, पण अर्धंच.

खरी अडचण शिकण्यात आहे. खोबरं आणि करवंटीच्या मधली ती फट सापडणं, त्या फटीतच राहणं आणि खाली लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूला धक्का न लावणं हे हाताला कळावं लागतं. मुंबईतल्या डॉक्टरांच्या एका टीमने २००७ साली 'जर्नल ऑफ युरॉलॉजी'मध्ये याच शिकण्याच्या चढणीचा हिशोब मांडला होता. त्यांचा निष्कर्ष: दुर्बिणीच्या ऑपरेशनांत मुरलेला, पण होलेप नवं असलेला सर्जन साधारण पन्नास केसेसनंतर ते ठीकठाक वेगाने करू लागतो. पन्नास! आणि हा आकडा आपल्या मुंबईतला आहे, परदेशातून उसना आणलेला नाही. नाइसने २०१० च्या गाइडलाइनमध्ये टीयूआरपीबरोबर होलेपचंही नाव घातलं, पण एक अट टाकून: त्यात तरबेज असलेल्या केंद्रातच करा, नाहीतर शिकवणारा अनुभवी माणूस शेजारी असेल अशी व्यवस्था करून करा.

आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर कुणीही विकत घेईल, पण ते चालवणारा माणूस डाउनलोड करता येत नाही. आणि ज्या गावात असा एकच माणूस आहे तिथला बस फॅक्टर एक. तो पुण्याला किंवा दुबईला गेला की मशीनवर कापड टाकून ठेवायचं.

आता भूगोलाकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

जॉन वेनबर्ग नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. कुठल्या भागात कुठलं ऑपरेशन किती होतं याचे नकाशे काढत बसणं हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. १९८४ साली त्यांनी आयोवा राज्यातले आकडे मांडले. ८५ व्या वर्षापर्यंत प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं असण्याची शक्यता एका हॉस्पिटलच्या परिसरात १५ टक्के, आणि दुसऱ्या परिसरात ६० टक्क्यांहून जास्त. राज्य एकच, माणसं तीच, मका तोच. पेशंटच्या आजारातला फरक इतका असणं शक्यच नव्हतं. फरक होता तो जवळ कोण डॉक्टर आहे आणि त्याचं मत काय आहे याचा. म्हणजे तुमचं ऑपरेशन होणार की नाही हे तुमच्या दुखण्याइतकंच तुमच्या पिनकोडवर ठरत होतं.

यातून एक छान गोष्ट निघाली. "पेशंटला त्रास नक्की किती आहे?" हे डॉक्टरच्या अंदाजावर न सोडता मोजायचं असं ठरलं, आणि १९९२ साली सात प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० च्या पुढे तीव्र. पुढे त्यात "आयुष्यभर असंच राहिलं तर कसं वाटेल?" हा आठवा प्रश्न जोडला गेला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. आज जगभर हे आयपीएसएस नावाने वापरतात. कागद-पेन पुरतं. लेझर नको, वीज नको.

आता आपला नकाशा बघा. नंदुरबारची माणसं दवाखान्यासाठी सुरत गाठतात. सिंधुदुर्गातली गोव्याला, बांबोळीला जातात. गडचिरोलीची नागपूरला. सांगली-कोल्हापूरच्या खेड्यांतली आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातलीही मिरजेला. हे रस्ते सरकारने आखलेले नाहीत, लोकांनी पायाखाली घालून पाडलेत. जिथे हात आहे तिथे माणूस जातो.

पण सत्तरीच्या माणसाने कॅथेटर लावून, पिशवी पायजम्यात लपवून दोनशे किलोमीटर एसटीने जायचं म्हणजे काय, याचा विचार करा. एकदा तपासायला, एकदा रिपोर्ट दाखवायला, एकदा ॲडमिट व्हायला, एकदा फेरतपासणीला. प्रत्येक वेळी बरोबर एक माणूस. त्या माणसाची मजुरी बुडते नाहीतर आपल्यासारख्याची रजा जाते. मग घरात ठरतं: "राहू दे कॅथेटर, सोयाबीन निघाल्यावर बघू." कॅथेटर जितका जास्त दिवस, तितका जंतुसंसर्गाचा धोका जास्त. मित्राच्या वडिलांचे असेच अडीच महिने गेले. त्यांनी एकदाच तक्रार केली, आणि तीही दुखण्याची नव्हती. म्हणाले, "देवळात जाता येईना."

या ठिकाणी नेहमीची मागणी असते: प्रत्येक जिल्ह्यात लेझर मशीन द्या. ऐकायला छान आहे. माझं मत याच्या विरुद्ध आहे.

मशीन वाटल्याने प्रश्न सुटणार नाही, उलट फसेल. पन्नास केसेसची चढण आठवा. जिथे या कामाच्या केसेस महिन्याला दोन-तीनच येतात तिथे सर्जनला हात बसायलाच दोन वर्षं लागतील, आणि ती चढण ज्यांच्या अंगावरून जाईल ते पेशंट कुणाचे तरी बाबा असतील. मशीनच्या उद्घाटनाचा फोटो पेपरात येईल, दोन वर्षांनी ते बंद पडल्याची बातमी आतल्या पानावर येईल. मोठ्या ताकदीच्या होल्मियम मशीनला वेगळी जाड वीजजोडणी आणि पाण्याने थंड ठेवायची व्यवस्था लागते हेही विसरू नका. आपल्याकडची वीज कशी असते ते तुम्ही जाणताच. (नवं थुलियम फायबर लेझर हवेने थंड होतं आणि साध्या सॉकेटवर चालतं, ही त्यातल्या त्यात आनंदाची बातमी. पण सॉकेट बदलल्याने हात येत नाही.)

मग काय करावं? मला तीन गोष्टी सुचतात.

एक. लेझरचा हट्ट सोडून एन्यूक्लिएशनचा हट्ट धरावा. गेल्या काही वर्षांत युरॉलॉजिस्ट मंडळींतच हे मत जोर धरतंय की खरी किंमत त्या फटीतून अख्खी गाठ सोडवण्याला आहे, ते होल्मियमने केलं की थुलियमने की बायपोलर विजेने हे दुय्यम. युरोपियन गाइडलाइन्सही मोठ्या गाठीसाठी बायपोलर एन्यूक्लिएशन मान्य करतात. बायपोलरची सामग्री अनेक ठिकाणी आधीच आलेली आहे. म्हणजे नवं हार्डवेअर न घेता नुसतं कौशल्य अपग्रेड करून बरंच साधता येईल. मॅनेजरला आवडणारं वाक्य आहे हे, पण या वेळी खरं आहे :)

दोन. प्रत्येक जिल्ह्यात एक अर्धवट केंद्र उभं करण्यापेक्षा दर काही जिल्ह्यांमागे एक भक्कम केंद्र असावं, जिथे केसेस भरपूर असतील आणि शिकवणंही चालेल. हे महानगरातच होतं असा आपला ग्रह आहे. तो चुकीचा आहे. होलेप टौरंगात जन्मलं. आणि आपल्या शेजारी गुजरातमध्ये नडियाद बघा. दोन-सव्वादोन लाख वस्तीचं गाव, १९७८ साली तिथे मूत्रविकारांचं ट्रस्टचं हॉस्पिटल सुरू झालं, आणि आज देशभरातले तरुण डॉक्टर तिथे शिकायला जातात. मिरजेला १८९४ पासून दवाखान्यांची परंपरा आहे. मराठवाडा-विदर्भात छत्रपती संभाजीनगर, लातूर, अकोला, यवतमाळ इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांना केंद्राच्या योजनेतून सुपरस्पेशालिटीच्या इमारती मंजूर झाल्या. इमारत बांधायला कंत्राटदार मिळतो. एमबीबीएस, मग एमएस, मग तीन वर्षांचं एम.सीएच. करून तिशी उलटलेला युरॉलॉजिस्ट तिथे टिकवणं हे खरं काम. त्याला नुसती नेमणूक देऊन भागणार नाही. वर्षातून काही आठवडे एखादा अनुभवी सर्जन शेजारी उभा राहून शिकवेल, अशी व्यवस्था द्यावी लागेल. नाइसने घातलेली अट तीच आहे.

तीन, आणि हे फुकट आहे: कुणाला कुठे पाठवायचं याचा साधा नियम. सोनोग्राफीच्या रिपोर्टात प्रोस्टेटचा आकार लिहिलेला असतो. ८० मिलीपर्यंतच्या गाठीला चांगल्या हाताची टीयूआरपी उत्तम आहे, आणि ती घराजवळ होत असेल तर 'लेझर नाही' म्हणून पुण्या-मुंबईला पळण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा बरीच मोठी गाठ असेल, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवता येत नसतील, तर मात्र एन्यूक्लिएशन किंवा लेझरचा अनुभव असलेल्या केंद्रात थेट पाठवावं, चार ठिकाणी फिरवू नये. वाटेतल्या तीन फेऱ्या वाचल्या तरी बऱ्याच घरांचं बरंच काही वाचेल.

यावर एक रास्त आक्षेप आहे. "म्हणजे शहरातल्याला भारी ऑपरेशन आणि खेड्यातल्याला जुनं, असंच ना?" मी यावर बराच विचार केला. मला वाटतं अन्याय टीयूआरपी मिळण्यात नाही. चांगल्या हाताची टीयूआरपी झालेला माणूस रात्रभर झोपतो, आणि त्याला झोपच हवी होती. अन्याय आहे तो मोठी गाठ असलेल्याला रस्ताच न सापडण्यात, आणि कॅथेटरवर महिने काढण्यात. अन्याय उलट्या बाजूनेही होतो, तो शहरात. छोटी गाठ, गोळ्यांवर भागण्यासारखा त्रास, आणि तरी "लेझर आहे, दुखत नाही, उद्या घरी" म्हणून टेबलावर घेतलं जाणं. आयोवातले १५ आणि ६० टक्के हे दोन्ही आकडे धोक्याचेच होते. कमी मिळणं हा जसा प्रश्न, तसा गरज नसताना मिळणं हाही.

आता पैशाचं, कारण इथे आपला थेट संबंध येतो. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली आणि कंपन्यांना ते वगळायला मनाई केली. त्यात एक ओळ आहे: प्रोस्टेटचं व्हेपरायझेशन, ग्रीन लेझर किंवा होल्मियम लेझरने. चांगलं पाऊल. पण शब्द बघा. व्हेपरायझेशन! होल्मियमने आज मुख्यतः होतं ते एन्यूक्लिएशन. स्पेसिफिकेशनमधली असली ढिलाई पुढे किती भांडणं लावते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शिवाय या उपचारांवर मर्यादा घालायची मुभा कंपन्यांना राहिली. २०२० साली आलेल्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत या यादीतल्या उपचारांना विम्याच्या रकमेच्या ५० टक्के मर्यादा ठेवली गेली, आणि प्रोस्टेटच्या साध्या वाढीला २४ महिन्यांची थांबायची मुदत. म्हणजे बाबांना त्रास सुरू झाल्यावर पॉलिसी काढली तर दोन वर्षं तिचा या कामी उपयोग शून्य. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ही मुदत बहुधा माफ असते, पण आई-वडिलांसाठी वेगळी मर्यादा किंवा को-पे असू शकतो. एचआरचं मेल न वाचता डिलीट करू नका.

सरकारी बाजूला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं, आणि २०२३ च्या निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण ठरलं. या योजना ठरलेल्या रकमेच्या पॅकेजवर चालतात. त्यात गैर काही नाही. पण पॅकेज ऑपरेशनच्या नावावर ठरवण्याऐवजी गाठीच्या आकारावर ठरलं, तर दीडशे ग्रॅमची गाठ हातात घ्यायला हॉस्पिटल कचरणार नाही. आणि योजनेकडे प्रत्येक हॉस्पिटलच्या केसेसचा डेटा असतोच. कुठल्या जिल्ह्यातल्या किती जणांना प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी जिल्ह्याबाहेर जावं लागलं, एवढा एक नकाशा दरवर्षी छापावा. वेनबर्गनी हेच केलं होतं, आणि तेही आजच्यासारखी साधनं हाताशी नसताना. आपल्याकडे डॅशबोर्ड बनवायला इंजिनियर कमी आहेत का?

शेवटी कामाचं. बाबांच्या बाबतीत ही वेळ आली तर डॉक्टरला हे प्रश्न नक्की विचारा. गाठ किती मिलीची आहे? आयपीएसएसचा स्कोअर किती? गोळ्या पुरेशा दिवस देऊन झाल्या का? लेझर म्हणजे वाफ करणार की अख्खी काढणार? तुम्ही स्वतः अशा किती केसेस केल्यात? काढलेली गाठ तपासायला पाठवणार का? आणि ऑपरेशननंतरही पीएसए बघत राहायचं ना? (राहायचं. ग्रंथीचा बाहेरचा भाग मागे उरलेलाच असतो.) चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट खुर्ची पुढे ओढून कागदावर चित्र काढून दाखवतो.

लेझरच्या तरंगलांबीवर मी तुमच्याशी तासभर गप्पा मारू शकतो, आवडीचा विषय आहे. पण एवढं वाचून माझ्या हाती लागलं ते एकच: मशीनपाशी प्रश्न सुरू होत नाही आणि संपतही नाही. तो सुरू होतो बाबा गप्प बसतात तिथे, आणि सुटतो शिकलेला हात त्यांच्यापासून एका दिवसाच्या प्रवासात असेल तेव्हा. दुसरी गोष्ट सरकारच्या आणि डॉक्टरांच्या हातात आहे. पहिली आपल्या. उद्या रविवार आहे. फोन लावा, आणि हवापाण्याच्या गप्पा झाल्या की सरळ विचारा, "बाबा, रात्री किती वेळा उठता?"

"वय झालं आता" म्हणाले तर फोन ठेवू नका.